पोटकलमकाकांचे बारा मासे

काकांना टाकी नको होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचा सगळा प्रकार ऐकून लोक पहिल्यांदा हेच विचारतात की, या वयात टाकी बांधायची हौस आली कुठून? हौस नव्हती, नियम होता. ज्या घराला स्वतःचं अंगण आहे त्या घराने छपरावरून पडणारं पाणी धरून ठेवलंच पाहिजे, असं पाणीखात्याने ठरवलं आणि तसा कागद घरोघर आला. काकांच्या घराला अंगण होतं. म्हणजे एक लिंबाचं झाड, कपडे वाळत घालायच्या दोन दोऱ्या आणि त्यांच्यामध्ये एक माणूस आडवा होऊन उभा राहू शकेल एवढी जागा. पण कागदात अंगण किती मोठं असावं ते लिहिलं नव्हतं, आणि जे लिहिलेलं नाही ते लागू नाही असं म्हणणाऱ्यांपैकी काका नव्हते. ते स्वतः एकतीस वर्षं असे कागद लिहीत आले होते.

काका निवृत्त होईपर्यंत पर्यावरण खात्याच्या मसुदा शाखेत होते. जमिनीचे, पाण्याचे, मासेमारीचे, शेतातल्या फवारणीचे नियम त्यांच्या हाताखालून गेले. धोरण वरचे लोक ठरवत. ते कसं ठरवत हा वेगळा विषय आहे आणि काका त्याबद्दल घरातसुद्धा बोलत नसत. पण ठरलेलं धोरण वाक्यात बसवायचं, त्याच्या सगळ्या फटी लिंपायच्या आणि तरी ते एका श्वासात वाचता येऊ नये याची काळजी घ्यायची, हे काम काकांचं. त्यामुळे त्यांची बोलण्याची पद्धतही तशीच झाली होती. "चहा दे, परंतु असे की साखर कमी," असं ते सकाळी म्हणत. गल्लीत त्यांना मागून पोटकलमकाका म्हणायचे. काकांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

टाकी झाली. कमरेइतकी खोल, जमिनीच्या वर जेमतेम वीतभर. पाणीखात्याचा माणूस येऊन वाकून बघून गेला, शाबासकीही देऊन गेला. पंधरा दिवसांनी आरोग्यखात्याचा माणूस आला. त्याने वाटीभर पाणी उचलून उन्हात धरलं आणि त्यात वळवळणाऱ्या डासांच्या अळ्या काकांना मोजायला सांगितल्या. काकूंनी मोजल्या. काकू शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, मोजायचं काम आलं की त्या कुणाची वाट बघत नसत.

"सत्तावीस," काकू म्हणाल्या. "एक मेलेली आहे. ती धरायची का?"

आरोग्यखात्याने नोटीस दिली की सात दिवसांत टाकी रिकामी करा. पाणीखात्याच्या कागदात होतं की टाकी रिकामी केल्यास कारवाई होईल. काकांनी दोन्ही कागद जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं. दोन्ही मसुदे चांगले होते. एकात एक स्वल्पविराम जास्त होता, एवढंच.

आता अशा वेळी शेजारी मदतीला येतात. समोरच्या घरात वरच्या मजल्यावर विमावाले राहत. जगातल्या प्रत्येक संकटावर त्यांच्याकडे सल्ला असे आणि तो ते गॅलरीतून देत, खाली उतरत नसत.

"तेल टाका, काका. जळकं तेल. एका दिवसात सगळ्या खलास."

"टाकीतलं जास्तीचं पाणी जमिनीत मुरतं. जमिनीत मुरणाऱ्या पाण्यात तेल टाकायला बंदी आहे," काका म्हणाले.

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो. म्हणजे नियम म्हणतो. मीच लिहिलाय."

"मग बेडूक आणा."

"बेडूक पकडायला परवाना लागतो."

"तोही तुम्हीच?"

विमावाल्यांनी थोडा विचार केला आणि तो सल्ला दिला ज्याने पुढचं सगळं घडलं. "मग मासे सोडा. अळ्या खाणारे."

बाजाराच्या टोकाला एक मत्स्यबीजवाला होता. तो माशांची पिल्लं विकायचा. दुकानामागे त्याच्या सिमेंटच्या सात-आठ टाक्या होत्या, त्यांना लागून ओढा. काका कापडी पिशवी घेऊन गेले आणि त्यांनी डास खाणारे छोटे गप्पी मासे मागितले.

"गप्पी संपले," मत्स्यबीजवाला म्हणाला. "हे न्या. मिशीवाले. अळ्या म्हणजे यांना फुटाणे."

"वाढतात किती?"

"तुम्ही घालाल तेवढे."

हा माणूस त्या दिवशी खोटं एक अक्षर बोलला नाही, हे काकांनी नंतर प्रामाणिकपणे कबूल केलं. त्यांनी करंगळीच्या पेरापेक्षा लहान असे बारा काळे मासे पाण्याच्या पिशवीतून घरी आणले आणि टाकीत सोडले. चौथ्या दिवशी टाकीत एक अळी नव्हती. आरोग्यखात्याचा माणूस आला, वाटी उन्हात धरली, वाटीत नुसतं पाणी होतं. तो हिरमुसला होऊन निघून गेला.

इथेच गोष्ट संपली असती तर काका सुखी माणूस म्हणून म्हातारे झाले असते. पण मासे वाढले. पहिल्या महिन्यात अंगठ्याएवढे झाले, दुसऱ्यात वीतभर, आणि चौथ्या महिन्यात काकूंनी पट्टी धरली तर कोपरापासून मनगटापर्यंत भरले. अळ्या संपल्यावर ते भात खाऊ लागले, मग पाव, मग काठावर राहिलेली कपडे धुण्याच्या साबणाची वडी. विमावाल्यांची मांजर पूर्वी टाकीच्या काठावर बसून आत बघायची. एक दिवस आतून तिच्याकडे कुणीतरी बघितलं, तेव्हापासून ती समोरच्या फुटपाथने जाऊ लागली.

काकांचं मात्र गल्लीत वजन वाढलं. लोक संध्याकाळी मासे बघायला येत. काका हात मागे बांधून त्यांना निसर्गाचा समतोल समजावून सांगत. एकतीस वर्षं निसर्गाबद्दल लिहून निसर्ग प्रत्यक्ष पाहायची ही त्यांची पहिलीच खेप होती, आणि तो आपल्या अंगणात बरोबर नियमाप्रमाणे चालला आहे याचं त्यांना फार समाधान होतं.

मग एकदा तीन दिवस पाऊस लागला. टाकी काठोकाठ भरली, वाहू लागली, अंगणात बोटभर पाणी साचलं. तिसऱ्या दिवशी सकाळी काकू फाटकात अडकवलेली दुधाची पिशवी घ्यायला गेल्या आणि तशाच थांबल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "मासा चाललाय."

"कुठे?" काकांनी वर्तमानपत्रातून मान वर न काढता विचारलं.

"गाणंवाल्या बाईंकडे."

काका बाहेर आले. मासा खरंच चालत होता. पुढचे दोन पर जमिनीवर रोवून, अंग डावीकडे-उजवीकडे टाकत, कामावर उशीर झालेल्या माणसासारखा तो ओल्या रस्त्यावरून जात होता. त्याच्या मागे हात-दोन हातांवर दुसरा होता. पाण्याबाहेर श्वास घेणारे आणि ओल्या जमिनीवरून सरपटणारे मासे जगात असतात हे काकांना माहीत नव्हतं. म्हणजे माहीत होतं, पण ते कसं, ते पुढे येईलच.

शेजारच्या गाणंवाल्या बाईंचा सकाळचा वर्ग चालू होता. पहिला मासा त्यांच्या दारातल्या चपलांमध्ये शिरला. त्या दार उघडायला आल्या, चप्पल पायात घालताना त्यांना आत काहीतरी गार लागलं, आणि त्यांच्या तोंडून जो स्वर निघाला तो सातांपैकी कुठलाच नव्हता, असं त्यांच्याच विद्यार्थिनीने नंतर सांगितलं.

पुढचा अर्धा तास काकांच्या प्रतिष्ठेला शोभणारा नव्हता. ते पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळून, हातात तांदूळ धुवायची चाळणी घेऊन गल्लीभर वाकून पळत होते. मासे बुळबुळीत, हाताला लागून सुटायचे. एकाने तर काकांच्या अंगठ्यात काटा रोवला. विमावाले गॅलरीत छत्री धरून उभे होते. "मीठ टाका, मीठ," असं सांगत त्यांनी दुसऱ्या हाताने फोटो काढले आणि गल्लीच्या ग्रुपवर टाकलेसुद्धा. काकूंनी शांतपणे बादली आडवी धरली आणि ओल्या झाडूने एकेक मासा आत लोटला. असे तीन पकडले. मग त्या टाकीपाशी गेल्या आणि मोजायला बसल्या.

"आठ आत, तीन बादलीत. अकरा." त्यांनी पुन्हा मोजले. "अकराच. बारावा कुठाय?"

काका शोधायला गेले. गल्ली जिथे संपते तिथे मागे ओढा आहे. ओढ्याच्या उतारावर चिखलात एक रेघ उमटली होती, नागमोडी, दोन्ही बाजूंना परांचे ठसे असलेली. ती सरळ पाण्यात जात होती. काका तिच्याकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी आजूबाजूला कुणी नाही असं पाहून चपलेने ती पुसून टाकली. असं का केलं हे त्यांना कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

"मांजराने नेला असेल," ते घरी येऊन म्हणाले.

काकूंनी बादलीतले तीन टाकीत ओतले. मांजर त्या बाजूने येत नाही हे त्यांना ठाऊक होतं.

दोन दिवसांनी दारात एक तरुण बाई उभी राहिली. खांद्याला पिशवी, हातात फाईल, फाईलमध्ये विमावाल्यांनी काढलेला फोटो. त्यात काका पाठमोरे, वाकलेले आणि चाळणीसह होते. ती मत्स्यखात्याची निरीक्षक होती. टाकीत एकदाच डोकावून तिने पिशवीतून एक पुस्तिका काढली.

"हा मासा बाहेरचा आहे, काका. आपल्याकडच्या पाण्यात सुटला तर बाकीच्यांची अंडी, पिल्लं सगळं खाऊन टाकतो. पाळायला बंदी आहे. परिशिष्ट ब, अनुक्रमांक चार."

काकांनी पुस्तिका हातात घेतली. परिशिष्ट ब, अनुक्रमांक चार. तिथे एक लांबलचक शास्त्रीय नाव होतं. ते नाव नऊ वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, स्पेलिंग तीनदा तपासून. खाली टीपही त्यांचीच होती: ओल्या जमिनीवरून स्थलांतर करण्यास सक्षम. फक्त त्या नावाचा मासा दिसतो कसा, हे विचारायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

"पण बंदी जलाशयात पाळायला आहे," काका सावरून म्हणाले. "ही टाकी आहे."

मॅडमने पान उलटून वाचून दाखवलं. "जलाशय म्हणजे नदी, नाला, ओढा, तळे, विहीर किंवा कोणतेही साठलेले पाणी, मग ते कितीही लहान असो."

ते शेवटचे चार-पाच शब्द मूळ मसुद्यात नव्हते. एका दुपारी जेवण झाल्यावर, वाक्य जरा बोडकं वाटतंय म्हणून काकांनी ते घातले होते. वरिष्ठांनी त्याबद्दल समासात 'छान' असं लिहिलं होतं.

"वाक्य कसं वाटलं?" काकांनी न राहवून विचारलं.

"लांब आहे," मॅडम म्हणाली.

काकांची चूक कबूल करायची तयारी होती. मासे घेऊन जा म्हणाले. मॅडम म्हणाली, मला न्यायला परवानगी नाही, हा मासा वाहून नेणं गुन्हा आहे. मग मारून टाकू का, तर मारायचा तो विल्हेवाट अधिकाऱ्यासमोरच. विल्हेवाट अधिकारी कुठे असतात, तर मत्स्यखात्यात, पण ते नोंदणी असलेल्या मत्स्यपालकाकडेच येतात. तेव्हा नोंदणी करून घ्या, मग मासे मारता येतील. तोपर्यंत त्यांना काही होऊ देऊ नका, पंचनाम्यात अकरा लिहिले आहेत.

अशा रीतीने काका खिडकीच्या दुसऱ्या बाजूला आले. मत्स्यखात्याने नोंदणीसाठी जमिनीचा दाखला मागितला. जमीन कार्यालयातल्या कारकुनाने काकांचा अर्ज चष्मा वर-खाली करून वाचला.

"घर निवासी जागेवर आहे. मासे पाळणं शेतीत येतं. तर आधी जागा शेतीची करून घ्या."

"सगळी?"

"टाकीखालची. पण टाकीत पाणी आहे ना? मग ती पाण्याखालची जमीन झाली. पाण्याखालच्या जमिनीवर शेती दाखवता येत नाही."

"म्हणजे काय करायचं?"

"टाकी रिकामी करून आणा."

"पाणीखातं कारवाई करेल. आणि मासे मरतील, त्यांना मरायला परवानगी नाही."

कारकून खुर्चीत मागे रेलला. "नियम मात्र फार विचार करून लिहिलाय हो. कुठूनच सुटता येत नाही." त्याच्या आवाजात खरंखुरं कौतुक होतं. काकांच्या लेखनाचं कुणी तोंडभरून कौतुक केलं, असं हे नोकरीनंतर पहिल्यांदाच घडत होतं, आणि त्यांना जिन्यावर दोन मिनिटं बसावं लागलं.

अन्नखात्यातही ते जाऊन आले. मासे कुणाला खायला देता येतील का, एवढंच विचारलं. तिथल्या बाईंनी सांगितलं की परिशिष्टात आहेत म्हटल्यावर ते अन्न नाहीत, धोका आहेत, आणि धोका कुणाला जेवायला देता येत नाही. इकडे मासे रोज अर्धा किलो भात खात होते. काकू तो रांधत होत्या आणि टाकीत ओतण्याआधी वाट्या मोजत होत्या.

शेवटी सुनावणीचा कागद आला. काका पेटून उठले. आयुष्यभर दुसऱ्यांना नियमात अडकवत आलेला माणूस, आपण स्वतः नियमातून सुटू शकत नाही हे त्याला कसं सोसवेल? ते तीन दिवस टेबलाशी ठाण मांडून बसले. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि स्वयंपाकघरात आले. चेहरा उजळला होता.

"साठलेले," ते म्हणाले.

"काय?"

"नियमात 'साठलेले पाणी' आहे. साठलेलं म्हणजे आपोआप साठलेलं. डबकं, खळगा. आपलं पाणी साठलेलं नाही. आपण बांधून, पन्हळ लावून साठवलेलं आहे. साठवलेलं. नियमात 'व' नाहीच. आपली टाकी नियमात येतच नाही."

काकूंनी भाताचं झाकण ठेवलं. "हुशार आहात. आणि बारावा आहे तो कुठल्या पाण्यात, साठलेल्या की साठवलेल्या?"

काका पुन्हा टेबलाशी गेले. निवेदन चौदा पानांचं झालं. त्यात बाराव्याचा उल्लेख नव्हता.

सुनावणीच्या दिवशी मत्स्यखात्याच्या व्हरांड्यात एकच बाक होता. त्यावर एक बाई बसल्या होत्या, काकांच्याच वयाच्या, पायाशी एक झाकलेला डबा. त्यांनी सरकून जागा दिली.

"तुमचं कशाचं?" त्यांनी विचारलं.

"माशांचं. तांत्रिक बाब आहे," काका म्हणाले. "तुमचं?"

"माझंही माशांचंच. तळ्यावर जाळं टाकते मी. ओढा जिथे मिळतो ना, त्या तळ्यात." त्यांनी डब्याचं झाकण उघडलं. आत एक काळा मासा होता, मिशीवाला, डब्यात मावेना म्हणून दुमडलेला. "दोन वर्षांपूर्वी जाळ्यात बारके चांदीसारखे मासे यायचे, टोपलीभर. आता हा येतो. हा एकटा येतो आणि आत बाकी काही नसतं. वर तो मत्स्यबीजवाला आहे, त्याच्या टाक्या पावसात वाहतात. त्याच्यावर तक्रार केलीय मी. तो म्हणतो माझ्या टाकीतून गेलाच नाही." त्यांनी झाकण लावलं. "मग काय, चालत गेला?"

काकांना खोकला आला. तो बराच वेळ थांबला नाही.

आत बोलावलं तेव्हा दोन्ही प्रकरणं एकत्रच घेतली, कारण मासा एकच. मत्स्यबीजवाला वकिलासह आधीच बसला होता. काकांना बघून त्याने ओळखीचं हसून मान हलवली. निरीक्षक मॅडम कोपऱ्यात फाईल घेऊन उभी होती. अधिकाऱ्यांना सर्दी झाली होती आणि जेवायची वेळ जवळ आली होती. काका उभे राहिले आणि निवेदन वाचू लागले. सहाव्या पानावर 'व' आला. अधिकारी सरळ बसले. त्यांनी पुस्तिका उघडली, तो शब्द बोटाने दाबून बघितला, जणू काही त्याखाली 'व' लपलेला असेल.

"मुद्दा आहे," ते म्हणाले. "व्याकरणाने तुमचं बरोबर आहे. तुमची टाकी यात येत नाही असं मला म्हणावं लागेल."

वकील ताडकन उठला. "साहेब, मग माझ्या अशिलाच्या टाक्याही बांधलेल्याच आहेत. त्यांचं पाणीही साठवलेलं. त्यांनाही हेच लागू होईल." मत्स्यबीजवाला काकांकडे वाकून हळूच म्हणाला, "काका, त्या चौदा पानांची एक प्रत मिळेल का?"

काकांनी मागे वळून पाहिलं. तळ्यावरच्या बाई डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. 'साठलेलं' आणि 'साठवलेलं' यात काय चाललंय हे त्यांना कळलेलं दिसत नव्हतं. आपलं प्रकरण हातचं गेलं एवढं मात्र कळलं होतं. त्या अधिकाऱ्यांकडे बघत नव्हत्या. चौदा पानांकडे बघत होत्या.

काका बसले. मग पुन्हा उठले.

"साहेब, मी माझं म्हणणं मागे घेतो."

अधिकाऱ्यांनी रुमाल नाकावरून काढला. "तुम्ही जिंकत होतात."

"हो. पण हे वाक्य माझंच आहे. नऊ वर्षांपूर्वी मी लिहिलंय. मला दोन्ही पाणी म्हणायची होती, साठलेलं आणि साठवलेलं. टंकलेखनात चूक झाली..." ते थांबले. "नाही. टंकलेखन ठीक होतं, माझ्याच हातून राहिलं. पण त्या आधी 'कोणतेही' असा शब्द आहे. तो मी उगाच घातलेला नाही. त्यात टाकी बसते. माझीही बसते आणि यांच्याही बसतात."

वकील काहीतरी बोलू लागला. काकांनी एकतीस वर्षांत वरिष्ठांसमोर कधी केलं नव्हतं ते केलं, बोट वर करून त्याला थांबवलं.

"आणि पंचनाम्यात अकरा मासे लिहिले आहेत. मी आणले होते बारा. एक पावसात चालत ओढ्यात गेला. त्याची रेघ मी पाहिली होती आणि पुसली. म्हणजे टाकीतून जातो, साहेब. आठ टाक्या असतील तर आठ टाक्यांतून जातो."

मग मॅडमने फाईल उघडली, 'अकरा' वर काट मारली आणि वर 'बारा' लिहिलं.

निकाल त्याच दिवशी लागला. मत्स्यबीजवाल्याच्या टाक्यांना सील लागलं. काकांच्या अंगणात विल्हेवाट अधिकारी दुसऱ्याच दिवशी आले, नोंदणी, दाखला, शेती, काही न विचारता. इतकी वर्षं असं येता येतं हे त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. काकूंनी शेवटचा भात घातला आणि मग त्या आत गेल्या, बाहेर आल्या नाहीत. काकांना समज मिळाली आणि तळ्यातून हा मासा काढून टाकायच्या कामात सहा रविवार मदत करण्याचा आदेश. आदेशातलं वाक्य छोटं होतं. काकांनी ते दोनदा वाचलं, त्यात फट सापडते का ते मात्र पाहिलं नाही.

पहिल्या रविवारी सकाळी सातला ते तळ्यावर पोहोचले. तळ्यावरच्या बाई होडी ढकलून तयार होत्या. मॅडम काठावर फॉर्मांचा गठ्ठा घेऊन बसली होती. काका आयुष्यात कधी होडीत बसले नव्हते. एकतीस वर्षं त्यांनी होड्यांची लांबी, जाळ्यांची भोकं, बंदीचे महिने शब्दांत मांडले, पण होडी हलते हे कुठल्या फाईलमध्ये आलं नव्हतं. ते होडीच्या दोन्ही कडा धरून बसले. बाईंनी त्यांच्या हातात पत्र्याचा डबा दिला.

"पाणी शिरेल तसं उपसा, भाऊ. बोलू नका. बोललं की पोटात ढवळतं."

काका उपसत राहिले. तळं मोठं होतं, कागदावर वाटलं त्याच्यापेक्षा पुष्कळ मोठं. बाईंनी जाळं टाकलं, बिडी पेटवली, अर्धी झाल्यावर विझवून कानावर ठेवली आणि जाळं ओढायला लागल्या. आत तोच होता, काळा, मिशीवाला, काकांच्या दंडाएवढा. तो होडीत पडला आणि उसळू लागला. होडी कलंडते की काय असं झालं. काकांचा डबा पाण्यात पडला.

बाईंनी माशावर गोणपाट टाकलं, त्यावर गुडघा ठेवला आणि कमरेची मोजपट्टी काढली. गोणपाट बाजूला केलं की मासा पट्टी झटकून द्यायचा. तीनदा तसं झालं. चौथ्यांदा शेपटी बाईंच्या गालावर बसली.

"मारून का मोजत नाही?" काकांनी विचारलं.

"फॉर्मात लिहिलंय. लांबी डोक्यापासून शेपटीपर्यंत, मासा जिवंत असताना मोजावी. नाहीतर त्या मॅडम घेत नाहीत." बाईंनी गाल पुसला. "तुमचं ते टाकीचं वाक्य ठीक होतं, भाऊ. तुम्ही त्या दिवशी उभे राहिलात, मी विसरणार नाही. पण हे? हे कुणाच्या डोक्यातून निघालं असेल?"

काका पाण्याकडे बघू लागले. मेलेला मासा दोन तासांत अर्धा सेंटिमीटर आकसतो, असं एका बैठकीत कुणीतरी म्हणालं होतं. आकडेवारी अचूक असावी म्हणून त्यांनी चहा पिता पिता ते वाक्य घातलं होतं. काठावर मॅडम हाताने डोळ्यांवर सावली धरून बघत होती. इथे कुणाला काही कळायचं कारण नव्हतं.

"मीच," काका म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग माशाकडे पाहिलं. गुडघा काढला, सरकून होडीच्या टोकाला गेल्या आणि मोजपट्टी काकांच्या हातात दिली.

"मग मोजा," त्या म्हणाल्या, आणि कानावरची बिडी काढून पेटवली.